बाबांचं कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचंय, पण ते नेमकं कधीपर्यंत चालतं?

मृण्मयी_कर्वेनगर (7 जून, सकाळी 10:40)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबा 77, आई 72. बाबा वीज मंडळातून रिटायर. आयुष्यभर सगळे व्यवहार त्यांनीच बघितले, आई बँकेची पायरी चढलीय ती फक्त लॉकरमधले दागिने काढायला. गेल्या दिवाळीपासून बाबांचं जरा बिनसलंय. एकच गोष्ट तीनदा विचारतात, मार्चमध्ये लाईटबिल दोनदा भरलं (वीज मंडळातला माणूस!). न्यूरोलॉजिस्ट म्हणाले सुरुवात आहे, अजून बरंच समजतंय, पुढचं सांगता येत नाही. परवा पैसे काढायला गेलो तर सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली, एकदा नाही तीनदा. तिसऱ्या वेळी हात इतका थरथरत होता की आडनावाखालची रेघ स्लिपवरून उतरून काउंटरच्या काचेवर गेली. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझीच सही मला येईना गं."

चुलतभाऊ म्हणतो कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून टाक, उद्या त्यांना काहीच कळेनासं झालं तरी तुला सगळं चालवता येईल. माझा सख्खा भाऊ ऑस्टिनला असतो, तोही म्हणतो की इकडे सगळे हेच करतात. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, एफड्या चार बँकांत, थोडे शेअर्स. तर हे मुखत्यारपत्र केलं की निर्धास्त व्हायचं का? कोणाला अनुभव?

चकली_मास्तरीण (7 जून, 10:58)

सेम पिंच, फक्त आमच्याकडे सासूबाई. वाचतेय.

खवचट_खानापूर (7 जून, 11:15)

आमच्या घरी पहिल्यापासून पॉवर सगळी हिच्याकडे, अ‍ॅटर्नी तेवढा मी. लग्नातच नोंदणी झालीय.

नाना_सांगवी (7 जून, 11:32)

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. सगळीकडे तुमचं नाव जॉइंट लावा आणि नॉमिनी टाका. संपला विषय.

काळा_कोट (7 जून, दुपारी 1:05)

नाना, विषय संपला नाही, आता कुठे सुरू झालाय.

मृण्मयीताई, वाईट बातमी आधी सांगतो. तुमच्या चुलतभावाने जे सांगितलं ते बरोबर उलटं आहे. मुखत्यार म्हणजे बाबांचा लांब केलेला हात समजा. हात चालतो तो त्यांच्या मर्जीने. आपला करार कायदा 1872 चा, त्याच्या कलम 201 मध्ये स्पष्ट आहे की अधिकार देणारा वारला किंवा त्याची सारासार समज गेली की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही हा कागद करताय, नेमका त्याच दिवशी तो रद्दी होतो. स्टॅम्प लावला, रजिस्टर केला, सोन्याच्या चौकटीत बसवला तरी फरक पडत नाही.

तुमच्या भावाचंही चूक नाही. अमेरिकेत 'ड्युरेबल' मुखत्यारपत्र असतं, समज गेल्यावरही टिकणारं. आपल्याकडे तसा प्रकारच नाही. तिकडची पद्धत फोनवरून इकडे येते तेव्हा हा एक शब्द वाटेत गळतो.

आता दुसरी बाजू. शरीर थकलं पण डोकं शाबूत, म्हणजे अर्धांगवायू झाला, दिसत नाही, चालवत नाही, तर मुखत्यारपत्र व्यवस्थित चालतं. आणि त्याच कायद्याचं कलम 12 म्हणतं की एखाद्याला एरवी समज नसली तरी तो ज्या वेळी भानावर असेल त्या वेळी केलेला करार चालतो. बाबांची तर सुरुवातच आहे. तेव्हा जे काही करायचं ते आत्ता, त्यांना नीट समजावून, आणि शक्यतो त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून.

सातारी_तर्री (7 जून, 1:40)

कोटसाहेब कागदावर तुमचं खरं असेल हो. पण माझ्या मामेभावाने आईचं मुखत्यारपत्र चार वर्षं चालवलं, तिला अल्झायमर होता, शेवटी शेवटी ती त्याला पोस्टमन समजायची. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. पेन्शन काढली, एफडी फिरवली, सोसायटीच्या मीटिंगला मतदान पण केलं.

काळा_कोट (7 जून, 2:10)

चाललं आणि कायद्यात बसलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कलम 208 असंही आहे की समोरच्याला अधिकार संपल्याचं कळेपर्यंत त्याच्यापुरता व्यवहार टिकतो, म्हणून बँकेपुरतं निभावलं. पण तुमच्या मामेभावाला माहीत होतं ना? उद्या एखादी बहीण उभी राहिली आणि म्हणाली की आईला काही कळत नव्हतं तेव्हा तू एफडी कुठे फिरवलीस, तर त्याला उत्तर देता येणार नाही.

सातारी_तर्री (7 जून, 2:14)

बहीण नाहीये त्याला, वाचला.

निवृत्त_रोखपाल (7 जून, सायंकाळी 5:20)

34 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच काउंटरवर, म्हणून नानांच्या 'जॉइंट लावा' बद्दल दोन शब्द. जॉइंट म्हणजे नुसतं नाव नव्हे, खाली कोणत्या चौकोनात टिक केलीय ते बघा. 'आयदर ऑर सर्वायव्हर' असेल तर दोघांपैकी कोणीही चालवू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्वायव्हर' असेल तर पहिला जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला काडीचाही अधिकार नाही. आमच्या पिढीच्या पुरुषांनी बायकोचं नाव लावलं पण टिक केली फॉर्मरवर, कारण 'हिला कशाला त्रास'. पहिला आयसीयूत असला तरी कायद्याने तो जिवंतच, म्हणजे बायको हात बांधून बसलेली.

दुसरा खड्डा एफडीचा. आयदर ऑर सर्वायव्हर असली तरी मुदतीआधी मोडायला बहुतेक बँका दोघांच्या सह्या मागतात. ती सूचना आधीच लेखी देऊन ठेवता येते का ते विचारा, बरेच जण विचारतच नाहीत.

नॉमिनी हा तर निव्वळ मृत्यूनंतरचा माणूस. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, छान आहे, पण चौघे मिळूनसुद्धा जिवंत माणसाच्या खात्यातून चार आणे काढू शकत नाहीत. आणि गेल्यानंतरही नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने घेतो. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने 2023 च्या डिसेंबरात ते पुन्हा सांगितलंय.

मृण्मयी, सहीचं मात्र सोपं आहे. बाबांना शाखेत न्या, सहीचा नमुना बदलून घ्या. आताची जशी येते तशी नवी सही. नाही जमली तर अंगठा. रिझर्व्ह बँकेच्या जुन्याच सूचना आहेत की आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा किंवा नुसती खूणही दोन साक्षीदारांसमोर चालते, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. मी स्वतः शाईचा पॅड घेऊन हॉस्पिटलात गेलोय. एका गुरुजींचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये, पायाचा अंगठा घेतला. गुरुजी म्हणाले, जन्मभर पोरांना अंगठाबहाद्दर म्हणालो, बघा कसं फिरलं.

चकली_मास्तरीण (7 जून, 5:41)

आत्ता सासूबाईंची पासबुकं काढून बघितली. तीनपैकी दोन फॉर्मर. धन्यवाद काका, आज घरात महाभारत आहे.

समुद्रपक्षी (7 जून, रात्री 11:50)

लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला ब्रेन हॅमरेज झाला. वय 46. म्हणजे हे फक्त म्हाताऱ्यांचं असतं हे आधी डोक्यातून काढा. घर त्याच्या नावावर, लोन त्याच्या नावावर, सॅलरी अकाउंट त्याचं एकट्याचं. मी नोकरी करत होते पण माझा पगार म्हणजे किराणा, शाळेची फी. हॉस्पिटलचं बिल दिवसाला पस्तीस-चाळीस हजार. पैसे होते, खात्यात पडून होते, आणि मी मैत्रिणींकडे उसने मागत होते.

फोन त्याचा माझ्या पर्समध्ये, ओटीपी त्यावर येणार, आणि फोनला अंगठ्याचं लॉक. चौथ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं तेव्हा मी त्याचा अंगठा फोनला लावला. सुजला होता, दोनदा नाही घेतला. मग मी ओढणीने पुसला आणि परत लावला. सिस्टर सलाईनची बाटली बदलत होत्या, त्यांनी बघितलं आणि माझ्याकडे पाठ केली. त्या पाठीचं मी आजही देणं लागते.

ते पैसे दोन आठवडे पुरले. पुढे एफडी, पीएफ, घर, कशालाच हात लावता येईना. बँकेत म्हणाले पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणा, मी म्हटलं सही कोण करणार, ते म्हणाले मग कोर्टाची ऑर्डर आणा. शेवटी हायकोर्टात गेले. वकिलांनी सांगितलं की कोमातल्या माणसाचा पालक कसा नेमायचा यासाठी वेगळा कायदाच नाही, म्हणून राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट, म्हणजे थेट हायकोर्टात अर्ज, करायचं. 2020 मध्ये मुंबई हायकोर्टाने अशाच एका बाईला नवऱ्याची पालक नेमलं होतं, त्या निकालाचा आधार घेतला. सरकारी हॉस्पिटलचे डॉक्टर येऊन तपासून गेले, सासू-सासरे, दीर सगळ्यांची संमतीपत्रं लागली. सगळे चांगले म्हणून मिळाली. ऑर्डर हातात यायला पाच महिने गेले. त्यानंतर आठच महिन्यांत तो गेला.

कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. नवरा-बायकोने एकदा चहा घेत पासबुकं समोर ठेवून बसा एवढंच.

चकली_मास्तरीण (8 जून, सकाळी 7:05)

🙏 काय बोलू. ती पाठ वाचून गलबलून आलं.

नाना_सांगवी (8 जून, 8:20)

समुद्रपक्षी ताई, मी काल फार हलक्यात लिहिलं. माफ करा. आज बायकोला घेऊन बँकेत चाललोय.

काळा_कोट (8 जून, 9:30)

समुद्रपक्षी, तुम्ही केलंत ते मीही केलं असतं. तरी बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो की बेशुद्ध माणसाच्या अंगठ्याने केलेला व्यवहार अंगाशी येऊ शकतो, त्याला उपाय म्हणून बघू नका.

2019 ला केरळ हायकोर्टाने कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी नियमावलीच घालून दिली, कायदा होईपर्यंत म्हणून. कायदा अजून यायचाय. कोर्टच तेवढं आधाराला.

पणजीकर (8 जून, 10:15)

आमच्या गोव्यात आणखी एक गंमत. पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यामुळे लग्नानंतर सहसा सगळं दोघांचं अर्धं अर्धं आणि जमीन-घर विकायचं तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, घर कोणाच्याही नावावर असो. एकाची समज गेली की दुसऱ्याचंही अडतं. आमच्या काकांचं म्हापशाचं घर तसंच कुलूप लावून आहे, फणस शेजारी खातात.

खवचट_खानापूर (8 जून, 10:22)

फणसाचं मुखत्यारपत्र शेजाऱ्यांकडे दिसतंय.

थेम्सकाठी (8 जून, दुपारी 3:00)

इंग्लंडमधून. आमच्याकडे मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट 2005 चा, आणि 2007 पासून लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. दोन वेगवेगळी असतात, एक पैशाअडक्याचं, एक औषधपाण्याचं. धडधाकट असताना करायचं, तुम्ही समजून उमजून आणि दबावाशिवाय करताय हे एक तिसरा माणूस प्रमाणित करतो, मग पब्लिक गार्डियनच्या ऑफिसात नोंदवायचं. नोंदल्याशिवाय वापरता येत नाही. फी एकाला शंभर पौंडांच्या आत. मी पंचेचाळिशीत केलं, इथे त्याचं कोणाला अप्रूप नाही. केलं नसेल आणि समज गेली तर इथेही कोर्टाच्या पायऱ्या आहेतच, आणि त्या महाग आहेत.

पण नाशिकच्या आईवडिलांच्या बँकेत हा इंग्रजी कागद दाखवून उपयोग नाही. आणि मी माझ्या तिकडच्या फ्लॅटसाठी बहिणीला दिलेलं मुखत्यारपत्र वकिलातीत सही करून पाठवलं, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिथे स्टॅम्प ड्यूटी भरून घ्यावं लागतं. आमचं पाकीट बहिणीकडे फ्रिजवर दोन महिने पडून होतं, थोडक्यात वाचलो.

शब्दवेडा (8 जून, 3:30)

अवांतर: कुलमुखत्यारपत्रातला 'कुल' हा कुळाचा नव्हे, 'एकूण, सगळे' या अर्थाचा अरबी-फारसीतून आलेला. मुखत्यारही तिकडचाच. त्यामुळे 'कूळमुखत्यार' लिहू नये, त्याचा कूळकायद्याशी संबंध नाही.

खवचट_खानापूर (8 जून, 3:33)

कसेल त्याची जमीन, सही करेल त्याचा फ्लॅट.

रेवा_ठाणे (8 जून, 4:45)

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपण आधीच प्रतिनिधी नेमून ठेवू शकतो असं वाचलंय, ते इथे चालणार नाही का? आणि लिव्हिंग विल?

काळा_कोट (8 जून, 6:10)

प्रश्न चांगला आहे, उत्तर निराशाजनक. तो प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. पैशाला तो हात लावू शकत नाही. उलट 1987 च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घ्यायची सोय होती, नवा कायदा आला आणि ती गेली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, कलेक्टरकडच्या समितीतून पालक नेमतात, पण म्हातारपणचा स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. लिव्हिंग विल म्हणजे व्हेंटिलेटर लावायचा की नाही याची इच्छा, सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्य केलं आणि 2023 ला सोपं केलं, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. जरूर करा, पण त्याने एफडी मोडत नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2025 च्या जानेवारीत नॉमिनेशनचं परिपत्रक काढलं, त्यात गुंतवणूकदार शरीराने असमर्थ झाला तर नॉमिनीपैकी एकाला खातं चालवायला देता येईल असा पर्याय आणला. वाचून मला आनंद झाला, मग पुढची अट वाचली: गुंतवणूकदार करार करण्यास सक्षम असला पाहिजे. फिरून तिथेच.

मोठी इस्टेट असेल तर खासगी ट्रस्ट करतात, 1882 चा कायदा, मालमत्ता आधीच ट्रस्टींच्या नावे गेल्यामुळे माणसाच्या समजेवर अडून राहत नाही. एक फ्लॅट आणि चार एफड्यांसाठी जरा अवजड होईल, तरी माहिती असावी.

आजोबा_78 (8 जून, रात्री 9:15)

दोन दिवस तुम्हा मुलांची चर्चा वाचतोय. सगळे आमच्या डोक्याबद्दल बोलताय आणि आमच्या डोक्याला कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने पुतण्याला कुलमुखत्यारपत्र दिलं. सगळे अधिकार, विकण्यासकट. भाऊ सहा महिने आजारी होता, डोकं पूर्ण ठिकाणावर. बरा होऊन गावी गेला तर प्लॉटवर दुसऱ्याचं कुंपण. कागद बरोबर, सही बरोबर, स्टॅम्प बरोबर. पुतण्या म्हणाला तुमच्याच औषधाला पैसे लागले. हिशोब आजतागायत मिळालेला नाही. तेव्हा आम्ही म्हातारे सही करताना का कचरतो ते समजून घ्या. तो निव्वळ हट्ट नसतो.

मी काय केलं ते सांगतो. कुल नाही दिलं, खास दिलं. म्हणजे कोणत्या बँकेतलं कोणतं खातं, कोणती कामं, एवढंच नाव घालून. विकण्याचा, बक्षीस द्यायचा, कर्ज काढायचा अधिकार नाही. पेन्शनचं खातं बायकोबरोबर आयदर ऑर सर्वायव्हर. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम मुलीबरोबरच्या वेगळ्या जॉइंट खात्यात टाकली, ती तिची समजावी असं तिला सांगितलं आणि मुलाला तिच्या समोर सांगितलं. हे समोर सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. दर एक तारखेला ती मला आकडा वाचून दाखवते, मी वहीत लिहितो. समज गेली की मुखत्यारपत्र संपणार हे आम्हाला रजिस्ट्रार ऑफिसातल्या माणसाने नाही सांगितलं, तुमच्या या कोटवाल्यांनीच आत्ता सांगितलं. पण वही आणि जॉइंट खातं आहे, बघू.

निवृत्त_रोखपाल (8 जून, 9:50)

आजोबा, तुमच्यासारखे खातेदार मला चार मिळाले असते तर मी व्हीआरएस घेतली नसती. वहीला सलाम.

एक भर घालतो. मुखत्यारपत्रात विकायचा अधिकार असेल तर महाराष्ट्रात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, नातवंडं यांना विनामोबदला दिल्यास पाचशे रुपयांच्या स्टॅम्प ड्यूटीत काम होतं. पुतण्या-भाचा त्यात येत नाहीत, तिथे बाजारभावाने ड्यूटी. कायदा करणाऱ्यांनाही पुतणे ठाऊक असावेत. आणि वडील जाऊ शकत नसतील तर अर्ज करून सब-रजिस्ट्रारला घरी बोलावता येतं.

मृण्मयी_कर्वेनगर (11 जून, सकाळी 8:30)

सगळ्यांचे मनापासून आभार. समुद्रपक्षी, तुमची पोस्ट मी भावाला वाचून दाखवली, तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

आजोबांमुळे एक झालं. आम्ही दोघांनी ठरवून मग बाबांना सांगायचं असा आमचा बेत होता, तो रद्द केला. रविवारी भावाला व्हिडिओवर घेतलं आणि बाबांनाच विचारलं की बाबा पुढे कसं करायचं. मला वाटलं चिडतील. ते उठले, कपाटातून सराफाची जुनी कापडी पिशवी आणली आणि सगळ्या पावत्या पलंगावर मांडल्या. मी एक्सेलमध्ये एफडीची यादी केली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "पाचवी कुठाय?" पाचवी आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आईच्या नावाने पोस्टात, 2011 पासून. दुपारचं जेवण झालं की नाही ते मात्र त्याच दिवशी दोनदा विचारलं.

ठरलंय ते असं: खाती आईबरोबर आणि माझ्याबरोबर आयदर ऑर सर्वायव्हर, एफडी मोडायची सूचना लेखी, खास मुखत्यारपत्र दोन कामांपुरतं, शेअर्स विकून टाकायचे (बाबांचा निर्णय, "त्यात आता राम नाही" म्हणाले), फ्लॅटचं मृत्युपत्र. न्यूरोलॉजिस्टची सर्टिफिकेटसाठी सोमवारी सकाळची वेळ घेतलीय, सकाळी त्यांना जास्त स्पष्ट असतं. तिथून सरळ बँकेत, सहीचा नमुना बदलायला.

काळा_कोट (11 जून, 9:10)

उत्तम. मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार वारसांपैकी नकोत, एक डॉक्टर असेल तर सोन्याहून पिवळं.

चकली_मास्तरीण (11 जून, 9:25)

आमचं महाभारत संपलं. सासूबाई म्हणाल्या फॉर्मर काढा, पण लॉकरची किल्ली माझ्याकडेच राहील. तह झाला.

मृण्मयी_कर्वेनगर (11 जून, 9:40)

😄 बाबांनी कालपासून नव्या सहीचा सराव सुरू केलाय. पेपरच्या समासात एकवीस सह्या. शेवटच्या तीन एकसारख्या आल्यात.

खवचट_खानापूर (11 जून, 9:44)

ताई, तो पेपर रद्दीत देऊ नका. उद्या तुम्ही सही करायला बसलात की गिरवायला उपयोगी पडेल.

काळा_कोट (11 जून, 9:45)

खानापूर!!

खवचट_खानापूर (11 जून, 9:46)

गंमत हो साहेब. आमची ही मागे उभी राहून वाचतेय, ती म्हणतेय आपली पासबुकं आण.